ओढ्यापल्याडच्या वहाणा

रिहे गावातल्या फार्महाउसवर जेवणं उरकली तशी अनुष्का आणि अमोल कॅमेरा घेऊन ओढ्याकडे निघाले. चांदण्यात दगडांचे फोटो काढायचे होते. राखणदार भिवाजीकाका पायरीवर तंबाखू मळत बसले होते.

"जावा की. पर तिथली कुठलीबी वस्तू हलवू नगा."

"का? चावते?" अमोल म्हणाला.

काका हसले नाहीत. "माझ्या पुतण्यानं हलवली व्हती. बसा."

दोघं बसले. काका सांगू लागले.

गेल्या वर्षीची गोष्ट. वैशाखी पौर्णिमेची आदली रात्र. पुतण्या अभय परदेशात फोटोग्राफी शिकून नुकताच गावी परतला होता. शहरात नोकरी मिळत असताना हा इथं हंडा, खराटा, खाचरातलं बुजगावणं यांचे फोटो काढत हिंडे. शाळेत प्रदर्शन मांडायचं ठरलं होतं. मधल्या भिंतीवरचा मोठा फोटो तेवढा अजून मिळाला नव्हता.

"वापरलेल्या वस्तूत माणूस उरलेला असतो, काका," तो म्हणे. "आपण त्याला फक्त उजेडात आणायचं."

त्या संध्याकाळी आईनं त्याला अनुसयाकाकूंकडे दूध द्यायला पाठवलं. ओढ्याच्या वाटेवरचं शेवटचं घर त्यांचं. काकू एकट्याच. नवरा दामू फाल्गुनात वारला होता. दामू पिऊन आला की आतून काय आवाज येत, ते सगळ्या आळीला ठाऊक होतं. सोडवायला कुणी जात नसे.

काकूंनी दाराशीच अंथरूण टाकलं होतं.

"दार उघडं टाकून झोपता, काकू?"

"दोन महिनं झालं, उघडंच असतंय. वारं लई ग्वाड येतं." त्या हसल्या. अभयनं त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

दूध देऊन तो ओढा ओलांडून गेला. पलीकडे एका सपाट दगडावर वहाणांचा जोड होता. जुना, कातडी, डाव्या अंगठ्याला तारेचा वेढा. चंद्र वर येत होता. अभयला त्याचा मोठा फोटो मिळाला.

फक्त वहाणांची तोंडं रानाकडे होती. तारेवर उजेड पडत नव्हता. त्यानं जोड उचलला आणि फिरवून ठेवला. तोंडं गावाकडे.

वहाणा दामूच्या होत्या. तेराव्याला अनुसयाकाकूंनी स्वतः नेऊन ठेवल्या होत्या. त्यांच्या घरची रीत होती ती. गेलेल्याच्या वहाणा ओढ्यापल्याड ठेवायच्या आणि तोंडं गावाकडे करायची नाहीत. अभय तेव्हा परदेशात होता. त्याला कोण सांगणार?

त्यानं ट्रायपॉड लावला. चांदणं सरकेल तसे कॅमेऱ्यानं आपोआप फोटो घेत राहावं, अशी सोय केली आणि मागे जाऊन बसला. बऱ्याच वेळानं उठून पडद्यावर फोटो पाहू लागला.

पहिला छान होता. दुसराही.

तिसऱ्यात वहाणा किंचित मोठ्या दिसल्या. ट्रायपॉड सरकला असेल... पण मागचं झुडूप जागच्या जागी होतं.

पुढच्या फोटोत डावी वहाण पुढे.

त्याच्या पुढच्यात उजवी.

मग डावी. तारेचा वेढा अगदी भिंगाजवळ.

मग नुसता दगड.

अभयनं मान वर केली. दगड रिकामा होता.

मागे, गावाच्या वाटेवर, आवाज आला. चट्... फर्र. चट्... फर्र. डावा पाय ओढत चालल्याचा.

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. लहानपणी तो कानावर पडला की आळीतली पोरं घरात पळत.

दार. काकूंचं दार उघडं होतं.

कॅमेरा तसाच चालू, ट्रायपॉडवर सोडून तो धावला. आवाज पुढेच राहिला. कितीही धावलं तरी तेवढाच पुढे. मग थांबला.

काकूंचं दार बंद होतं.

पायरीवर वहाणा. तोंडं घराकडे.

"काकू..."

आत भांड्याचा आवाज झाला. मग काकूंचा, अगदी हळू. "वाढते..."

अभयनं दारावर हात मारला. "काकू, दार उघडा."

त्यानं पुन्हा दार ठोठावलं.

"अभय, तू जा बाबा. ह्यांना आवडत न्हाई."

तो भिवाजीकाकांना बोलवायला धावला. दोघं बॅटरी घेऊन आले, तेव्हा दार सताड उघडं होतं. चूल गरम. दोन ताटं मांडलेली. पायरीवर काही नाही. काकूही नाहीत.

त्या पुन्हा कुणाला दिसल्या नाहीत.

इथं भिवाजीकाका थांबले. अनुष्कानं कॅमेरा केव्हाच मांडीवर घेतला होता.

"आणि अभयचा कॅमेरा?"

"सकाळी आनला. बॅटरी संपली व्हती. शेवटचा फोटू..." काकांनी मोबाइल काढला, चाचपडत शोधला आणि तिच्यापुढे धरला.

चांदण्यातला सपाट दगड. त्यावर दोन जोड. एक मोठा, तारेचा. त्याच्यामागे एक लहान, बायकी. तोंडं रानाकडे.

तिनं फोटो मोठा केला.

लहान जोडातली एक वहाण गावाकडे वळलेली होती.