पेटीतला हात

शिरोलीच्या पुढं, हायवेला लागून, कंपनीचा सेवाकक्ष होता. गॅरेज म्हटलं की तिथल्या लोकांना राग यायचा. फरशीवर तेलाचा थेंब नाही, भिंतीला काळ्या बोटांचा डाग नाही. जिथं गाड्या उघडतात आणि वंगणाचा वास येत नाही, तिथं काहीतरी लपवलेलं असतं, असं अण्णासो मगदूमांचं साधं मत होतं.

अण्णासो फौंड्रीचे मालक. तरुणपणी माळावरच्या मोटारशर्यती गाजवलेले. त्यांच्या लाल स्पोर्ट्स कारचं बॉनेट त्यांच्याशिवाय आजवर कुणी उघडलं नव्हतं. कंपनीनं वॉरंटी काढून घेतली, तरीही नाही. आज मात्र गाडी इथं आणावी लागली होती. नवा नियमच तसा होता: अपघात झालेल्या गाडीची हस्तस्मृती, म्हणजे तिनं शिकलेली चालकाची सवय, अधिकृत सेवाकक्षात पुसून घ्यायची, नाहीतर गाडी रस्त्यावर आणायची नाही.

चावी अजून त्यांच्या मुठीत होती.

"काका, मी इरा वर्तक," पांढऱ्या कोटातली बाई म्हणाली. "कंपनीच्या हस्तस्मृती विभागात संशोधक आहे. पुण्याहून खास तुमच्या गाडीसाठी आलेय."

"खास? मग आल्या पावली परत जावा. पुसू देणार न्हाई."

"का?"

"माझी पोर हाय तिच्यात."

इराला ठाऊक होतं. गेल्या वर्षी आंबा घाटात, जांभळीच्या वळणावर, अण्णासोंची एकुलती एक मुलगी केतकी याच गाडीत गेली होती. गाडी वळलीच नाही. सरळ कठड्यावर आदळली. कंपनीनं दोन शब्दांत निकाल दिला: घरगुती देखभाल. अण्णासोंनी ब्रेक पुन्हा पुन्हा उकलले. डिस्क, पॅड, नळ्या, तेल, सगळं तपासलं. दोष नव्हता. मग चेपलेली गाडी त्यांनी स्वतःच्या हातानं ठोकून उभी केली आणि दर रविवारी त्या वळणावर न्यायला लागले.

"केतकी ब्रेक दाबायच्या आधी दोनदा नुसता पाय टेकवायची," अण्णासो म्हणाले. "दोन टिचक्या. मी हसायचो. म्हणायचो, दार ठोठावतीस का ब्रेक लावतीस? अजून त्या वळणावर गाडी तशीच करती. माझा पाय पोचायच्या आधी दोन टिचक्या. आणि ते तुमी पुसणार?"

"हस्तस्मृतीची पेटी काय करते ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"मला विचारालीस व्हय? दिसलं वळण की मेंदू ठरवणार, मग पाय हलणार, तोवर गाडी लांब गेलेली. म्हणून सीटखालची पेटी आपली सवय शिकती आणि आपल्या आधी सुरू करती."

"बरोबर. पण आणखी एक करते. शिकलेल्या सवयीविरुद्ध पाय पडला, तर ती त्याला चालकाची गडबड समजते. घाबरून दाबलेल्या ब्रेकनं गाडी फिरते, म्हणून तो ब्रेक ती क्षणभर अडवून धरते."

"असू दे की."

इरानं खुर्ची ओढली. पुढचा प्रश्न विचारायला तिला जड जात होतं. "काका, घरी सर्व्हिसिंग झालं की गाडी पहिल्यांदा कोण चालवायचं?"

"मीच की! ट्रायल घेतल्याबिगर गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची न्हाई, हा आमचा धर्म. त्यात माझी पोर बसणार. आंबा घाटात न्यायचो, पार दमवायचो. जांभळीला तर शेवटच्या क्षणाला ब्रेक. तिथं टिकली तर गाडी कुठंबी टिकली."

"दर वेळी?"

"दर वेळी म्हंजे? सर्व्हिसिंगचा रविवार चुकला न्हाई कधी."

"आणि केतकी त्या घाटात?"

"ती कशाला जाती तिकडं? तिचं सगळं गावातलं. त्या दिवशी मैत्रिणीच्या लग्नाला म्हणून रत्नागिरीला..."

अण्णासो थांबले. चावीचे दात तळहातात रुतले होते.

सेवाकक्षात कुठंतरी हवेचा पंप सुरू झाला आणि बंद पडला.

"तिनं ब्रेक वेळेवर दाबला होता," इरा हळू म्हणाली. "अपघाताच्या वेळी पेटीनं आमच्याकडे प्रत पाठवली, ती मी बघितलीय. दोन टिचक्या, मग पूर्ण दाब. पण त्या वळणावर पेटीला एकाच हाताची सवय होती, तुमच्या. पेटीनं केतकीचा ब्रेक गडबड समजून अडवला, तुमची ब्रेक लावायची जागा येईपर्यंत. तिथून गाडी कशी वळवायची ते तुम्हाला जमतं. तिला..."

"बास."

अण्णासोंनी मान वर केली. "तुमच्याकडं सर्व्हिसिंगला येणाऱ्या गाड्या? त्याबी घरातली चार माणसं चालवत्यात. त्या कशा न्हाई धडकत?"

"आम्ही ट्रायल रस्त्यावर घेत नाही, जागच्या जागी फिरणाऱ्या रुळांवर घेतो, म्हणजे पेटी आमचा हात शिकत नाही. आणि पेटीत दोन हात सापडले की पुसून टाकतो. प्रत्येक सर्व्हिसिंगला."

"गिऱ्हाइकाला सांगता?"

"नाही."

"बिलावर काय लिवता?"

इराची नजर फरशीवर गेली. "सफाई आणि तपासणी."

"सफाई!" अण्णासो उठले. त्यांचा आवाज चकचकीत भिंतींवर आपटून परत आला. "म्हंजे ठावं होतं तुमास्नी! एका ओळीचं काम होतं गं. 'दोघांनी चालवू नका.' मी अडाणी न्हाई, वाचलं असतं. बॉनेटला कुलपं घालता, आतलं सांगत न्हाई, आणि ज्यानं उघडलं त्याच्याच डोक्यावर खून?"

"सांगितलं असतं, तर जी गाडी चालकाचं ऐकत नाही ती घेतली कुणी असती?" इरा म्हणाली. तरी सांगायला हवं, हे ती विभागात बोलली होती. तिथं ते कुणाला ऐकायचं नव्हतं.

पंपाजवळचा माणूस वळून बघायला लागला आणि लगेच दुसरीकडं बघायला लागला. अशा ठिकाणी पगारात बहिरेपणही धरलेलं असतं.

अण्णासो गाडीपाशी गेले. टपावर हात ठेवला. "तरी पुसू नको," ते म्हणाले, आणि आता त्या आवाजात मालक नव्हता. "माझा हात राहू दे आत, कसला का असंना. तो पुसायला गेलीस तर ती बी जाईल."

इरानं पेटीला तार जोडली. पडद्यावर एक रेघ उमटली. ती पडद्याकडं पाहत राहिली आणि तिला वाटलं, आपण आज यायला नको होतं.

"काका, पेटी लहान असते. नवं शिकते तसं जुनं गळून जातं. हिच्यात एकच हात आहे."

"तिचा?"

"तुमचा. केतकी केव्हाच गळून गेली."

"खोटं! जांभळीला दोन टिचक्या..."

"गाडी दुरुस्त करून पहिल्यांदा तिथं गेलात, तेव्हा काय केलंत?"

ते त्यांना आठवत होतं. वळण समोर आलं. मग देवळाच्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावावा, तसं त्यांनी मुद्दाम तिच्यासारखं केलं होतं. दोनदा टेकवलं, मग दाबलं. पुढच्या रविवारीही. त्याच्या पुढच्याही. मग एका रविवारी गाडीनं ते आपणहून केलं आणि ते रस्त्याच्या कडेला थांबून पोटभर रडले होते. पोर भेटली म्हणून.

"पुस," ते म्हणाले. "आणि बिलावर सफाई लिवू नको. काय पुसलं ते लिव."

इरानं खरंच लिहिलं, आणि खाली सही केली. तिची नोकरी त्या सहीत गेली, पण ती गोष्ट वेगळी.

अण्णासो घरी गेले नाहीत. गाडी थेट आंबा घाटाला लागली. स्टिअरिंग परक्यासारखं जड लागत होतं. सीटखालची पेटी कुणालाच ओळखत नव्हती. जांभळीचं वळण आलं. गाडीनं काही केलं नाही. काही करणारही नव्हती.

अण्णासोंचा पाय मात्र उचलला गेला, कुणी न सांगता, वळणाच्या कितीतरी आधी. दोन टिचक्या. मग दाब.

पाय पुसायचं यंत्र कंपनीकडं नव्हतं.

कोऱ्या पेटीनं ते पाहिलं, आणि शिकायला सुरुवात केली.