माळ्यावरची पिलं

गोठा म्हटला की मांजरं आलीच, असं काकींचं सरळ मत होतं. दूध सांडतं, पेंडीच्या पोत्यांना उंदीर लागतात, माळ्यावरच्या गवतात ऊब असते. मांजरांना आणखी काय हवं? काकींनी कुठलं मांजर लाडाने पाळलं नाही आणि कुणावर काठीही उगारली नाही. धारा काढून झाल्या की दाराशी ताटलीभर दूध ठेवायचं आणि पाठ फिरवायची. मांजरं फारच झाली, वासरांच्या पायांत यायला लागली, की एखादं पेंडवाल्याच्या टेम्पोतून त्याच्या गोदामात धाडायचं. तिथे उंदरांचं राज्य होतं, त्यामुळे तोही खूश. गोठ्यावरची माणसंच काय, वयाने मोठा असलेला गुरांचा डॉक्टरही त्यांना काकी म्हणायचा आणि त्यांच्या शब्दाबाहेर जायचा नाही.

या कामात काकींचा नियम एकच होता. मादी पोत्यात घालायच्या आधी तिला उलटी करून पोट पाहायचं. आचळांभोवतीचे केस झिजलेले दिसले, तर तिची पिलं जवळपास आहेत. तिला सोडून द्यायचं. हात ओरबाडून निघाले तरी काकींनी हा नियम कधी मोडला नव्हता.

तो मोडला, सून दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परत आली तेव्हा. बाळ जेमतेम एक दिवस राहिलं. सुनेला मागच्या खोलीत झोपवलं होतं. तिथे ऊन चांगलं यायचं, पण खिडकी गोठ्याकडे उघडायची. ती बोलत नव्हती, दोन घास पोटात जात नव्हते, सारखी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. बाळ नाही हे तिच्या शरीराला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. पान्हा फुटत होता, छाती दगडासारखी झाली होती, अंगात ताप होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घट्ट बांधून ठेवा, आटेल हळूहळू. काकी कापड बदलायच्या आणि ओलं कापड घेऊन न्हाणीघरात जाऊन रडून घ्यायच्या. नातवंड गेलं ते गेलं. आता ही पोरही हातची जाते की काय, या धास्तीने त्यांची झोप उडाली होती.

त्यातच एक करडी मांजर नेमकी त्या खिडकीखाली येऊन ओरडायला लागली. आवाज असा की, थेट तान्हं मूल. सुनेने उशी कानांवर घट्ट दाबलेली काकींनी पाहिली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेंडवाला पोती उतरवून निघालाच होता. काकींनी मांजरीला मानेला धरलं, पोत्यात कोंबलं, तोंड बांधलं आणि म्हणाल्या, "आधी हिला ने बाबा इथून."

उलटी करून बघायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून बारीक, चिरका आवाज येऊ लागला. काकींच्या हातातली बादली तिथेच राहिली. त्यांनी पेंडवाल्याला फोन लावला.

"काकी, पोतं उघडलं तशी ती कुंपणावरून पसार झाली. आता कुठे शोधू?"

"शोध रे. पिलं आहेत तिची."

"तुम्ही बघितलं नव्हतं?" तो म्हणाला. काकींनी फोन ठेवून दिला.

शिडी लावून त्या वर गेल्या. गवताच्या गंजीमागे चार पिलं होती, डोळेही न उघडलेली. काकींनी गाईच्या दुधात पाणी घातलं, कोमट केलं, कापसाची वात बुडवून तोंडाशी धरली. वासरं, शेळीची करडं, कोण कोण त्यांच्या हातावर जगलं होतं! पण ही पिलं तोंडच उघडेनात. दिवसभर ती ओरडत राहिली, आणि खालच्या खोलीत सून तळमळत राहिली.

मग धारांच्या वेळी आवाज थांबला. संपलं, असं काकींनी मनाशी म्हटलं. पाप लागलं ते आपल्याला लागलं. जुनं फडकं घेऊन त्या पिलांना उचलायला वर गेल्या.

पिलं झोपली होती. पोटं टम्म फुगलेली, अंगं ऊबदार, एकाच्या हनुवटीवर दुधाचा थेंब. शेजारचं गवत दबलेलं होतं, कुणी मांडी घालून बराच वेळ बसून उठावं इतकं.

दुसरी मांजर पाजत असेल, होतं असं कधीकधी. काकींनी गोठ्यातल्या झाडून साऱ्या माद्या पकडून उलट्या केल्या. मनगटापासून कोपरापर्यंत बोचकारून घेतलं, गड्यांना हसायला निमित्त मिळालं. एकीच्याही अंगात दूध नव्हतं.

त्या संध्याकाळी सुनेचा ताप उतरला. काकी कापड बदलायला गेल्या तर कापड कोरडं होतं. ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती, डावा हात कोपरात वाकवून अंगाशी धरलेला. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी शांतपणा होता. तिची चोळी सारखी करताना काकींना छातीवर लाल, केसासारख्या बारीक रेघा दिसल्या. तशाच रेघा त्यांच्या स्वतःच्या बोटांवरही होत्या. पिलांची नखं लागतात तशा.

काकींनी शिडी उचलून पेंडीच्या खोलीत टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. शिडीशिवाय माळ्यावर धडधाकट गड्यालाही चढता येत नव्हतं. ही तर धरल्याशिवाय दारापर्यंत जात नव्हती. तरीही काकी त्या दिवसापासून धारांच्या वेळी खोलीच्या दारातच बसायला लागल्या. सून त्यांच्या डोळ्यांदेखत झोपायची, जागची हलायची नाही. आणि सकाळी शिडी लावून पाहावं, तर पिलं पोटभर प्यालेली, डोळे उघडलेली, दिवसागणिक गुटगुटीत होत चाललेली.

सुनेने भाकरीचा तुकडा मोडला. मग भात खाल्ला. डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, "छान, मिटलं की सगळं. दूधही आटलंय."

ते आटलं नव्हतं. ते जात होतं. पण हे सांगायचं कुणाला? काकींनी मुलाजवळ विषय काढून पाहिला.

"आई, तू जरा झोप घे," तो म्हणाला. "आणि ती पिलं देऊन टाकू या. पेंडवाला येतोय ना उद्या? तिच्या कानांवर तो आवाज नको."

मुलाचं चुकत नव्हतं. जे चाललं होतं ते बरं नव्हतं, हे काकींनाही कळत होतं. पण सून जेवत होती, हेही खरं होतं.

टेम्पो आला तो नेमका धारांच्या वेळी. काकी टोपली घेऊन शिडी चढल्या.

पिलं लुचत होती.

चौघं एका ओळीत होती, डोळे मिटून, पुढचे पंजे आळीपाळीने दाबत. त्यांच्या तोंडांसमोर काहीही नव्हतं. गवत होतं, आणि गवतावर संध्याकाळचा पिवळा उजेड. तरी घोट गिळल्याचा आवाज येत होता.

काकींनी हात पुढे केला. हवा तिथे ऊबदार होती.

त्यांनी हात मागे घेतला.

रिकामी टोपली घेऊन त्या खाली उतरल्या. "नाही द्यायची," त्यांनी पेंडवाल्याला सांगितलं. "जा तू."

"अहो काकी, मुद्दाम वाट वाकडी करून आलो की."

"जा म्हटलं ना."

टेम्पोचा आवाज लांब गेला तेव्हा त्या मागच्या खोलीत आल्या. सून भिंतीला टेकली होती. डोळे मिटलेले, हात तसाच वाकवलेला.

"गेला का टेम्पो, आई?"

दवाखान्यातून आल्यापासूनचे तिचे हे पहिले शब्द होते. काकींना हुंदका आवरेना. "गेला गं बाळा. गेला."

"बरं केलंत." ती किंचित हसली. वाकवलेला हात तिने थोडा वर उचलला, आतलं काही निसटत असावं तसा. "चौघांचं झालंय. पाचवं फार सावकाश पितं."

काकींनी तिच्या खांद्यावर पांघरूण नीट केलं, हातावरून मात्र घेतलं नाही.

बाहेर येऊन त्यांनी गड्यांना सांगितलं, आजपासून धारांच्या वेळी बादल्या हळू ठेवा.