खंडेनवमीचा पाना

“अक्का, ती मी बसवली नाही. यल्लम्माची आण.”

हणमंत मिस्त्री अजून पायरीवरच होता. चपला काढायचं विसरला होता आणि डोळे असे लाल, की आठ दिवस पापणीला पापणी लागली नसावी.

“आधी आत ये,” चंद्राक्का म्हणाली. “श्रीहर्ष, पाणी.”

धारवाडात सप्तापूरला चंद्रभागा इनामदारांच्या दारावर पाटी नव्हती. गरजही नव्हती. ‘ती चोर पकडणारी चंद्राक्का’ म्हटलं की रिक्षावाला थेट फाटकाशी आणून सोडायचा. पंचवीस वर्षं विमा कंपनीसाठी ठोकरलेल्या गाड्या तपासल्यावर तिनं नोकरी सोडली होती आणि आता ती ठोकरलेल्या माणसांची कामं घ्यायची. सोबतीला मावसभाऊ श्रीहर्ष. त्याच्याकडे वकिलीची सनद होती. पक्षकार तेवढे नव्हते.

हणमंतनं पाणी एका घोटात संपवलं आणि सांगायला सुरुवात केली.

हुबळीला गोकुळ रोडवर त्याचं वीस वर्षांचं गॅरेज. दुर्गदबैलात लोखंडी सामानाचं दुकान असलेल्या शंकरराव मिरजकरांचा मुलगा साकेत, त्यानं जपानी बनावटीची एक जुनी टर्बो गाडी घेतलेली. तिची थ्रॉटल बॉडी झिजली.

“म्हणजे?” श्रीहर्षनं विचारलं.

“इंजिनाचा घसा म्हणा की वकीलसाहेब. आत एक गोल झडप असते. पाय दाबला की उघडते, पाय उचलला की मिटते. हवा किती आत घ्यायची ते तीच ठरवते. शंकरण्णांना मी दोन्ही सांगितलं होतं. कंपनीची मागवली तर चेन्नईहून यायला तीन महिने. बाहेरची सुभाष रोडला उद्या मिळेल, तोंडानं मोठी, गाडी उडेल नुसती. पण टर्बोला ती नको म्हणालो.”

“का नको?”

“साध्या गाडीत हवा आपसूक येते. टर्बोत ती रेटून, तापवून येते. त्या तापात हलका धातू फुगतो, झडप उघडी राहून अडकते. शंकरण्णा म्हणाले, कंपनीचीच घाल. तीन महिने थांबलो, सप्तमीला बसवली. झडपेखाली नवं कागदी पॅकिंग घालून. जुनं पॅकिंग परत घालणारा माणूस माझ्या गॅरेजात टिकत नाही. अष्टमीला गॅरेजला कुलूप घालून सौंदत्तीला देवीकडं गेलो.”

पुढचं सगळ्या हुबळीला माहीत होतं. दसऱ्याच्या सकाळी साकेतची थोरली बहीण स्वाती ती गाडी घेऊन धारवाडला बन्नीची पानं, दसऱ्याचं सोनं, द्यायला निघाली. उणकलच्या उतारावर तिनं पाय उचलला, पण इंजिन ओरडतच राहिलं. गाडी चिंचेवर आदळली. मणक्याला मार. पोरगी पुन्हा उभी राहील की नाही, डॉक्टर सांगत नव्हते.

“आणि चेपलेल्या गाडीत निघाली बाहेरची थ्रॉटल बॉडी,” चंद्राक्का म्हणाली.

“होय री. शंकरण्णांनी फिर्याद दिली. कंपनीचे पैसे घेतले आणि स्वस्तातली घातली म्हणून. सोमवारी मला उचलणार.” हणमंतनं रिकामा पेला बाजूला सारला. “तुरुंगाचं भ्या नाही, अक्का. पण त्या पोरीला लहानपणी मी सायकल शिकवली. तिला वाटत असेल, हणमंतण्णानं असं केलं.”

आज शनिवार होता.

सुभाष रोडवरच्या प्रसादच्या दुकानात बाहेरच्या बनावटीचे सुटे भाग काचेच्या कपाटात दागिन्यांसारखे मांडले होते.

“हणमंतला माझ्या मालाचं वावडं!” प्रसाद हसत म्हणाला. “कंपनीचं ते सोन्याचं, माझं ते पितळ. वकीलसाहेब, तुमचा कोट दुर्गदबैलातला की कंपनीचा?”

“शिवून घेतलेला,” श्रीहर्ष फुरंगटून म्हणाला.

“तरी केस मिळते का?”

चंद्राक्का हसली नाही. “त्या गाडीची झडप तुम्ही विकली?”

प्रसादचं हसू ओसरलं. “एकच विकली. अष्टमीला. ‘हणमंतच्या गॅरेजमधून बोलतोय’ असा फोन आला. रिक्षावाल्याच्या हाती पैसे आले, त्याच्याच हाती माल गेला. पोलिसांना हेच सांगितलं.”

“आवाज?”

“फोनवर सगळे सारखेच. एक मात्र गंमत झाली. मी म्हटलं, पॅकिंग पण पाठवू का? तर विचारतो, ते कशाला?”

रस्त्यावर आल्यावर श्रीहर्ष पुटपुटला, “म्हणजे हणमंत फसला. नाव त्याचंच घेतलंय.”

“मी चोरी करायला गेले, तर फोनवर तुझं नाव सांगेन की माझं?”

श्रीहर्षनं यावर बराच विचार केला.

ठाण्याच्या आवारात गाडी ताडपत्रीखाली पडली होती. डावी बाजू कागदाच्या बोळ्यासारखी, उजवी जशीच्या तशी. हवालदारानं बॉनेट उचलून धरलं.

बॅटरीच्या झाकणावर हळदीकुंकवाचं सुकलेलं बोट. तेलाच्या टोपणावर. पाण्याच्या टाकीवर. रबरी नळीच्या पट्टीवरसुद्धा. मधोमध ती थ्रॉटल बॉडी, चकचकीत, आरशासारखी. चंद्राक्का तिच्याकडे वाकून बघत राहिली आणि मग झडप इंजिनाला जिथं टेकते त्या फटीवर तिनं विजेरी धरली. तिथल्या कागदी पॅकिंगच्या कडेला एक तांबूस ओघळ होता.

“गंज,” श्रीहर्ष म्हणाला.

“कागदाला?”

श्रीहर्षनं पुन्हा वाकून पाहिलं.

पुढच्या सीटवर एका रुमालात बन्नीची पानं बांधलेली होती. वाळून कुरकुरीत झालेली. हवालदाराला विचारून चंद्राक्कानं तो रुमाल श्रीहर्षकडे दिला. “जपून. चुरा करू नकोस.”

मिरजकरांच्या विद्यानगरच्या घरात दसरा तसाच अडकून पडला होता. दाराचं झेंडूचं तोरण वाळून तपकिरी झालेलं. देवघरासमोर पाटावर घरातली हत्यारं खंडेनवमीला मांडली तशीच: विळी, कात्री, हातोडी, पक्कड, पाने, स्क्रू ड्रायव्हर.

“पूजा उचललीच नाही हो,” कुसुमबाई म्हणाल्या. “दसऱ्याला उचलायची, तर सकाळीच ती बातमी आली. फुलं तेवढी काढली. निर्माल्याची पिशवी मागच्या खुंटीला आहे. दर वर्षी साकेत तळ्यात सोडून येतो. काल मीच न्यायला उचलली तर माझा हात भरून आला, आणि हा म्हणाला, आई राहू दे, मी बघतो.”

“गाडीची पूजा कुणी केली?”

“मीच, नवमीला दुपारी. बॉनेट उघडून. साकेत एकेकाचं नाव सांगायचा आणि मी हळद लावून वर कुंकू लावायची. बॅटरी, टाकी, ती हवेची झडप... म्हटलं, माझ्या लेकरांना सांभाळ.”

शंकरराव दारात उभे होते. “बाई, त्या हणमंतकडून आलात ना? वीस वर्षं त्याला घरचा मानला. माझ्या पोरीचे पाय गेले. आता कसला तपास?”

“पाय कुणामुळं गेले ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून,” चंद्राक्का शांतपणे म्हणाली.

साकेत आतल्या खोलीत गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. वय वीस, आठ दिवसांत चेहरा चाळिशीचा झालेला.

“हणमंतण्णांनी गाडी दिल्यावर मी पाना लावलेला नाही. मला येतच नाही ते.”

“नवमीच्या संध्याकाळी कुठं होतास?”

“घरी. आई-बाबा आणि स्वातीअक्का सिद्धारूढ मठात गेले होते. पूजा झालेल्या गाडीला कोण हात लावणार?”

“खरंय,” चंद्राक्का म्हणाली. परतताना ती पाटापाशी मिनिटभर थांबली. हत्यारांना बोट लावलं नाही. नुसतं पाहिलं. पाटावरच्या हत्यारांवरची कुंकवाची बोटं अजून ताजी लाल होती. दहा नंबरचा पाना आणि स्क्रू ड्रायव्हर, या दोघांवरची तेवढी काळपट.

रविवारी सकाळी तिनं सगळ्यांना मिरजकरांच्याच दिवाणखान्यात बोलावलं. हणमंत उंबऱ्याशी उभा राहिला. बस म्हणायला कुणाची जीभ उचलली नाही.

“मी झडपेपासून सुरुवात करते,” चंद्राक्का म्हणाली. “पोलीस म्हणतात, हणमंतनं सप्तमीलाच बाहेरची बसवली. तसं असतं तर नवमीच्या पूजेत कुसुमबाईंनी त्याच झडपेला हळदीकुंकू लावलं असतं. पण गाडीत बाकी सगळ्यांवर बोटं आहेत आणि झडप कोरी.”

“धडकेत उडालं असेल,” शंकरराव म्हणाले.

“बॅटरीवरचं राहिलं, टाकीवरचं राहिलं, झडपेवरचंच तेवढं उडालं? आणि झडपेखालच्या पॅकिंगवर कुंकवाचा ओघळ आहे. म्हणजे पूजेच्या वेळी त्या पॅकिंगवर दुसरी झडप होती, तिला लावलेलं कुंकू खाली उतरलं. झडप नंतर बदलली, पॅकिंग तेच राहिलं. हणमंत जुन्या पॅकिंगवर काही बसवत नाही. विकत घेणाऱ्यानं तर ‘पॅकिंग कशाला’ असं विचारलं. तो मिस्त्री नव्हताच.”

श्रीहर्षच्या चेहऱ्यावर उजेड पडायला लागला होता. “म्हणजे नवमीची दुपार ते दसऱ्याची सकाळ!”

“आणि त्या वेळात हुबळीतला कुठलाही मिस्त्री पाना उचलत नाही. सगळ्यांची हत्यारं पूजेत. हणमंत तर सौंदत्तीला. मग पाना आला कुठून?” ती देवघराकडे वळली. “पूजेतूनच. कुसुमबाई, तुम्ही आधी हळद लावता, वर कुंकू. या पान्यावर आणि स्क्रू ड्रायव्हरवर हळद आहे?”

कुसुमबाई वाकल्या. “नाही... नुसतं कुंकू. आणि काळं कसं पडलं?”

“तेलकट हातानं वापरून, घाईत पुसून, परत लावलं म्हणून. पूजेतलं हत्यार उचललं की पाप लागतं, ही भीती. आईला पुसलेलं कुंकू दिसू नये, हीसुद्धा. बॉनेटखाली कुणी बघणार नव्हतं, म्हणून तिथं लावलं नाही. चोराला कुंकू परत लावायची बुद्धी होत नाही, शंकरराव. ती या घरात वाढलेल्या मुलालाच होते.”

साकेतची मान गुडघ्यांत गेली होती.

“आता एकच उरलं,” चंद्राक्का हळू आवाजात म्हणाली. “कंपनीची झडप. ती भंगारात टाकता आली असती. पण आईनं हळदीकुंकू लावलेली वस्तू भंगारात कशी टाकायची? ती फक्त पाण्यातच सोडायची. श्रीहर्ष, खुंटीवरची पिशवी आण.”

वाळलेल्या फुलांची पिशवी श्रीहर्षनं दोन हातांनी आणली. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली काळपट, ओबडधोबड थ्रॉटल बॉडी. तिच्यावर हळदीचं पिवळं बोट आणि त्यावर लाल. अजून ताजं.

“दसऱ्याच्या संध्याकाळी एअरपोर्ट रोडला मित्रांच्या गाड्या पळणार होत्या,” साकेतचा आवाज जमिनीतून आल्यासारखा आला. “गाडी उडावी म्हणून फक्त त्या संध्याकाळपुरती बाहेरची घातली. मग परत हीच घालणार होतो, म्हणून जपून ठेवली. अक्काची स्कूटर सुरू झाली नाही. मी अंघोळीला होतो. बाहेर आलो तर गाडी नव्हती. अपघाताची बातमी आल्यावर... मग फुलांतच लपवली. रोज वाटायचं, तळ्यात सोडून यावी. पाय उचलला नाही.”

“आणि या माणसाला तुरुंगात जाताना बघत बसलास?” शंकररावांचा हात वर गेला.

“अण्णा, नको,” हणमंत उंबऱ्यावरून म्हणाला. “एका लेकराच्या अंगावरचे घाव पुरेत घराला.”

हात खाली आला. शंकरराव भिंतीला टेकून बसले आणि आठ दिवसांत पहिल्यांदा हुंदके देऊन रडले. “फिर्याद मागं घेतो, हणमंत. पोराला घेऊन मीच ठाण्यात जातो. तुझ्यापुढं मान कशी वर करू?”

चंद्राक्कानं श्रीहर्षकडून रुमाल घेतला आणि साकेतपुढं ठेवला. गाठ सोडताच बन्नीची पानं पसरली. “ही तुझ्या अक्कानं वाटायला नेलेली. एकही पान कुणाला पोचलं नाही.”

साकेत पानांपाशी सरकला. मग एक उचलून हणमंतपुढं वाकला. दसऱ्याला या गावात सगळेच म्हणतात, बन्नी घेऊन बंगारासारखं, सोन्यासारखं, राहू या. त्याला ते शब्द फुटले नाहीत.

हणमंतनं पान घेतलं नाही. पोराचे खांदे धरून त्याला उभं केलं.

“आधी तुझ्या अक्काला दे. सगळं सांगून दे. तिनं घेतलं, की मग माझ्याकडं ये.” त्यानं निर्माल्यातली झडप उचलली, तिच्यावरची वाळकी पाकळी काढली, कुंकू तसंच राहू दिलं आणि ती शंकररावांच्या हातात ठेवली. “ही ठाण्यात द्या. मी निघतो. आज गॅरेजचं कुलूप काढायचंय.”