एडका मागं सरतो तेव्हा

चेंडू उंच उडाला, बाभळीच्या शेंड्याला शिवला आणि थेट सिंधूच्या मेंढरांत येऊन पडला. मेंढरं बिथरली. चेंडू धरायला सिंधू वाकली, तर समोरून आणखी दोन हात आले... वर पाहिलं, तर मसाजी!

सहा महिन्यांनी दिसत होता. मुंडाशाची तीच ऐट, ओठांवर तेच चोरटं हसू.

"सोडा की," ती म्हणाली.

"तू सोड."

मैदानातून एका शिपायानं आरोळी दिली. मसाजीनं लाजून चेंडू भिरकावला.

हिंगोलीच्या जुन्या छावणीच्या माळावर दोन पलटणींचा फुटबॉलचा सामना रंगला होता. महायुद्ध संपलं होतं. घरी जायचं जहाज मिळेस्तोवर शिपाई खेळत होते. तांबड्या बंड्यांत विलायतेचे, पांढऱ्यांत आफ्रिकेचे. बघायला आसपासच्या वाड्या लोटल्या होत्या. कोण जिंकतं याचं कुणालाच सोयरसुतक नव्हतं. पण बाजू हवीच, नाहीतर ओरडायचं कुणासाठी?

"मी पांढऱ्यांकडून," सिंधू म्हणाली.

"मग मी तांबड्यांकडून!"

"काहून? मला आडवं जायाला?"

"न्हाई... तू भांडावं म्हणून."

सिंधूनं पदर सावरला. गालावरची खळी मात्र सावरता आली नाही.

तेवढ्यात पांढऱ्या बंडीतल्या एका गड्यानं चेंडू पुढं न्यायचा सोडून मागं, आपल्याच माणसाकडं ढकलला. मेंढपाळांची गर्दी खवळली. एडक्यांच्या टकरीत पाठ फिरवली की हार, एवढंच त्यांना ठाऊक! "पळपुटा! पळपुटा!" मसाजीचा आवाज सगळ्यांच्या वर.

"पाठ तर तुमीबी दाखवली," सिंधू हळूच म्हणाली.

मसाजीनं मुंडासं उगाच सारखं केलं. चैतात तो तिला मागणी घालायला आला होता. तिच्या बापानं, नामाजीनं, एकच विचारलं होतं — "रानोमाळ हिंडतोस. पावसापाण्यात लेकीला ठेवशील कुठं?" जबाब सुचला नाही. तो उठून गेला, तो गेलाच.

"एडका मागं सरतो... ते धडक द्यायलाच," तो कसाबसा म्हणाला.

"मग कवा द्यायची धडक? उद्या जिंतूरचे पाव्हणे सुपारी फोडायला येऊन राहिले!" तिचे डोळे भरले होते.

मैदानात पांढऱ्यांनी बरोबरी साधली आणि शिट्टी वाजली. कुणीच जिंकलं नाही. जिंकणाऱ्यावर उधळायला आणलेली हळद, देवाचा भंडारा, लोकांच्या मुठीत तसाच राहिला.

मसाजी मात्र निघाला. गर्दी कापत थेट बांधावर बसलेल्या नामाजीपुढं जाऊन उभा राहिला.

"मामा, जबाब घेऊन आलो."

"लई लवकर आलास!"

"पावसापाण्यात..." मसाजीनं खांद्यावरची घोंगडी पुढं धरली. "पावसापाण्यात घोंगडी तिची, पाऊस माझा."

नामाजी त्याच्याकडं टक लावून बघत राहिला.

"आता काय बघून राहिलास, दादा?" सिंधूची आत्या चंद्रभागा शेजारून खेकसली. "पोरगं गोल करून उभं हाय!"

नामाजीनं मूठ उघडली. मसाजीचं कपाळ पिवळंधमक झालं.

"जिंतूरला 'येऊ नका' म्हणून सांगावा धाडतो," नामाजी म्हणाला.

लांबून सिंधूला शब्द ऐकू आले नाहीत. तिला फक्त ते कपाळ दिसलं... आणि तिनं शेजारच्या मेंढीच्या लोकरीत तोंड लपवलं.