गळका पेला

पुलांच्या भेगा मोजणं हा माझा धंदा. केसाएवढी चीरही माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि बायकोच्या मते म्हणूनच मला घेऊन फिरायला जाण्यात काही मजा नाही. पण डोंगरउतारावरच्या त्या गावानं मला गप्प केलं. दगडी पायऱ्यांची गल्ली, दोन्ही हातांना द्राक्षांचे मांडव, घराघरातून ठोकण्या-तासण्याचे आवाज. वाइनची पिंपं करणारा सुतार फळ्या अशा बसवत होता, की मधे कागद सरकू नये. इतकं चोख काम मी अख्ख्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

सोमवारी बायकोचं ऑपरेशन होतं. हृदयाची एक झडप गळत होती. त्याआधी हे गाव बघायचंच, असा तिनं हट्ट धरला होता. चार ठिकाणी बसत बसत आम्ही गल्लीच्या वरच्या टोकाला, स्वतः घडवलेल्या पेल्यांतून वाइन देणाऱ्या एका कुंभारआजींच्या कारखान्यापर्यंत पोचलो.

तिथली पद्धत अशी, की वाइन हवी तर पेला आपला आपण निवडायचा. भिंतभर फळ्यांवर शेकडो पेले होते, एकासारखा दुसरा नाही. पेला विकत मिळत नाही. पिऊन झालं की पुन्हा फळीवर जातो. फुटला तर आजी सांधतात.

मी उगाच हात घातला आणि एक काढला. डाव्या मुठीत तो माप घेऊन केल्यासारखा बसला. त्याचा कान तांब्याच्या चार बारीक खिळ्यांनी जोडलेला होता. माझ्या डाव्या मनगटात हाड जोडणारी धातूची पट्टी आहे, चार स्क्रूंची. हा कधी फुटला होता, असं मी सहज विचारलं.

"नऊ वर्षं झाली," आजी म्हणाल्या. "आपणहून पडला."

माझं मनगट मोडलं त्यालाही नऊच वर्षं झाली होती. योगायोग म्हणून मी विषय सोडून दिला. वाइन मात्र इतकी सुरेख होती, की मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

बायकोनं खालच्या फळीवरचा निळसर पेला उचलला. एकच घोट घेते, असं मला बजावून तिनं तो ओठांना लावला. तिच्या बोटांवरून लाल थेंब ओघळला. पेला गळत होता.

आजींनी तो तिच्या हातून काढून घेतला आणि उजेडात धरला. चीर मीही पाहिली.

"आजच सांधायला घेते," त्या म्हणाल्या. "काही सांधले जातात, काही नाही."

बायको हसली. "लग्नाच्या वेळीही माझी निवड अशीच चुकली होती," म्हणाली. मला हसू आलं नाही. तिला पुढे होऊ दिलं आणि मी, भेगा मोजणारा माणूस, आजींसमोर हात जोडून उभा राहिलो.

"जपून करा."

"मी घाईत करत नाही," आजी म्हणाल्या.

पायऱ्या उतरताना पहिल्याच वळणावर बायको थांबली. तिचा तळहात छातीवर होता.

"अहो, आत गार लागतंय. कुणीतरी ओलं बोट फिरवतंय असं."

मी वर पाहिलं. कारखान्याच्या खिडकीत आजी वाकून निळसर पेल्यावरून बोट फिरवत होत्या.

बोट थांबलं.

बायकोचा श्वास थांबला.

बोट पुन्हा फिरू लागलं, आणि तिनं श्वास घेतला.

मी तिला तिथेच पायरीवर बसवलं. परतीची बस चुकली तर चुकू दे, म्हटलं. आजींचं काम अजून अर्धंच झालं होतं.