शून्यावर बाद होणाऱ्याला अकरा रुपये

उदगीर जिल्हा होणार, या बोलवेवर गुरुबसप्पानं शिरूर अनंतपाळच्या अलीकडं प्लॉटिंग पाडलं होतं. जिल्हा झाला नाही, पाऊसही झाला नाही. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात त्यानं त्याच मुरमाड जमिनीवर खेळपट्टी अंथरली, मोबाईलवरच्या सट्टेबाजांसाठी खोटी क्रिकेट लीग काढली आणि मला कॉमेंट्रीला बसवलं. बिनकामाचे शेतमजूर रंगीत जर्सी घालून रोजावर खेळायचे. प्रेक्षक एकही नव्हता. सामना कॅमेऱ्यातून मोबाईलवर दिसायचा, टाळ्या लॅपटॉपमधून वाजायच्या. कोणी कधी बाद व्हायचं ते गुरुबसप्पा उदगीरहून फोनवर माझ्या कानात सांगायचा, मी हात करून मैदानात कळवायचो. पत्र्याच्या खोलीत मी एकटा. घरीही एकटाच, फरक एवढाच, की घरी माइक नव्हता.

माझी बायको रुद्राणी काविळीनं गेली होती. आमच्याकडच्या खऱ्या स्पर्धांत बघणारे बक्षीस लावतात, चौकाराला पन्नास, षटकाराला शंभर, आणि कॉमेंट्रीवाला त्यांचं नाव पुकारतो. रुद्राणी शून्यावर बाद होणाऱ्याला अकरा रुपये लावायची. "जिंकणाऱ्याला समदेच देतेत," म्हणायची. लोक हसायचे. मीही हसायचो.

एका दुपारी हुकमाप्रमाणे मलप्पा शून्यावर बाद झाला आणि सवयीनं माझी जीभ घसरली. "मलप्पा शून्यावर बाद! रुद्राणी यांच्याकडून अकरा रुपये!"

लॅपटॉपमधला गलका थांबला. मग दोनच हातांच्या टाळ्या वाजल्या, सावकाश. त्यांत काचेच्या बांगड्या किणकिणत होत्या.

मी वायर काढून पुन्हा लावली. उन्हानं मशीन बिघडलं असेल, म्हटलं.

"नावं कशाला घ्यायलास?" गुरुबसप्पा कानात खेकसला. "गप स्कोर सांग."

खेळ संपल्यावर मलप्पा खोलीत आला.

"भाऊ, त्या बाईनं अकरा रुपये दिले बगा. लई थंड हात हाय त्यांचा."

"कोणती बाई?"

"तुमी नाव घेतलं ती."

त्यानं मूठ उघडली. दहाची नोट होती, एकाचं नाणं होतं.

मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो मत्सर. परक्या माणसाच्या हाताला तिचा हात लागला होता, आणि मी इथं पत्र्याखाली भाजत बसलो होतो. पुढं जो शून्यावर बाद होईल त्याच्यासाठी मी तिचं नाव पुकारू लागलो. गुरुबसप्पानं शिव्या घातल्या, कामावरून काढायची धमकी दिली. बांगड्या वाजायच्या, गडी पैसे घेऊन यायचे, मला मात्र ती कधी दिसली नाही. मला ती एकदा बघायची होती. बाकी काही नको होतं.

शेवटी मलप्पाला माइकवर बसवलं, काय पुकारायचं ते सांगितलं आणि बॅट घेऊन मीच उतरलो. पहिलाच सरळ चेंडू मी मुद्दाम सोडला. दांडी उडाली.

"शिवमूर्तीभाऊ शून्यावर बाद," स्पीकरमधून मलप्पाचा आवाज आला. "रुद्राणी यांच्याकडून अकरा रुपये."

टाळ्या वाजल्या. मी हात पुढं करून उभा राहिलो.

ऊन. मुरूम. कोणी नव्हतं.

मी तिला मोठ्यानं हाक मारली. गडी खाली बघू लागले. मग मी वळलो आणि परत आलो.

खोलीच्या दारात माझा पाय अडला. समोर लॅपटॉप चालू होता. आमचं चित्र लोकांना मुद्दाम दोनेक मिनिटं उशिरा जायचं. सट्ट्याचा सगळा जीव त्या उशिरातच असतो. पडद्यावर माझी दांडी आता उडत होती.

पडद्यावर मी हात पुढं करून उभा होतो. माझ्यासमोर रुद्राणी होती.

ती माझ्या तळहातावर पैसे ठेवत होती. माझी बोटं मिटली नाहीत. पैसे खाली पडले.

तिनं वाकून उचलले. पुन्हा ठेवले. पुन्हा पडले.

मी वळलो, चालू लागलो. ती पैसे मुठीत घेऊन घाईघाईनं माझ्यामागं निघाली.

आधी मी चित्राबाहेर गेलो. मग ती. खोलीच्याच बाजूला.

मलप्पा खुर्चीवरून अदबीनं उठला. तो माझ्याकडं बघत नव्हता.

"भाऊ, दारातून सरका जरा," तो म्हणाला. "बाईंना आत यायचं हाय."