आरतीचं पुस्तक निघालं बेथलेहेमला!

"मामा, पासपोर्टच्या पाकिटावर कुंकू कसं काय?" आठ वर्षांच्या अश्विनीनं विचारलं.

"तुले काय करायचं? गाडीची वेळ होऊन राह्यली!" इंद्रभानमामा खेकसले.

दिवाळीच्या सुट्टीतली दुपार. नांदुऱ्याच्या त्या गल्लीत आज कोणाचाच पाय एका जागी ठरत नव्हता, कारण इंद्रभानमामांची थोरली बहीण संजीवनीमावशी निघाली होती. थेट बेथलेहेम, यरुशलेम, गालीलचा समुद्र! मावशी निवृत्त नर्स. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर जन्मलेली. यार्देन नदी डोळ्यांनी पाहायची, हे त्यांच्या आईचं स्वप्न तसंच राहून गेलं होतं. आता अडुसष्टाव्या वर्षी मावशींना संधी मिळाली होती. चर्चची मंडळी मुंबईला पुढे गेली होती. चारची गाडी चुकली, तर सकाळचं विमान चुकणार!

गल्लीतल्याच तेरा वर्षांच्या काजलनं जुळ्या भावाला, ज्ञानेश्वरला, बाजूला ओढलं. "ज्ञानू, मावशीच्या घरात कुंकू कुठून आलं? पाकिटाले कापराचा वास बी येऊन राह्यला!"

"मामा, एकदा उघडून पाहा ना!" ज्ञानू म्हणाला.

"सकाळीच दाबून पाह्यलं! पासपोर्ट आतच हाये. पळा!"

काजल काही कमी नव्हती. "बरं मामा, पण विमानतळावर साहेबानं पासपोर्ट मांगला, का मावशी गडबडेल. एकदा तालीम घेऊ! ज्ञानू साहेब!"

ज्ञानूनं मामांचाच चष्मा नाकावर चढवला, पोट पुढे काढलं. "मॅडम, पासपोर्ट!"

मावशी चाचपडल्या. मामांना राहवेना. "असं नाही, ताई! ऐटीत काढायचा!" त्यांनी पाकीट उघडलं आणि ऐटीत हात पुढे केला.

हातात आरत्यांचं छोटं निळं पुस्तक!

ज्ञानूला हसू फुटणार होतं, पण मावशींचा चेहरा पाहून त्यानं ते गिळलं. "माह्या नशिबातच नाही ते," त्या पुटपुटल्या. काजलला रडूच आलं.

पण रडायला वेळ कुठे होता? "कोकिळाकाकू!" ती ओरडली. "लग्नपत्रिका असो का ट्रॅक्टरचे कागद, काकू पहिले देवापुढं ठेवतात. माहं हॉलतिकीट बी ठेवलं होतं! सकाळी चिवडा द्यायले आल्या, तवाच पाकीट पूजेले नेलं असन!"

सगळे शेजारच्या घराकडे धावले. दाराला कुलूप! काकू भावाच्या सत्यनारायणाला सोनाळ्याला निघाल्या होत्या. फोन वाजत राहिला, उचलेना कोणी.

"बस सव्वातीनची," ज्ञानू म्हणाला. तीन वाजून तेरा मिनिटं झाली होती!

"तुम्ही स्टेशनवर पुढं व्हा!" काजलनं सायकल काढली, ज्ञानू मागे बसला. स्टँडवर जाण्यात अर्थ नव्हता. मार्केट यार्डातून मधली वाट होती. कापसाच्या गाड्यांमधून, शिव्या खात, सायकल पलीकडच्या रस्त्याला लागली. बस समोरून आलीच! गतिरोधकाशी ती हळू झाली आणि दोघं बेंबीच्या देठापासून ओरडले, "कोकिळाकाकू! खाली उतरा!"

ब्रेक करकचले. काकूंनी पिशवी उघडली. आरतीच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात निळा पासपोर्ट!

"अगं माय! देवापुढून उचलतानी, बसच्या घाईत सारखेच दिसले मले!" काकूंनी कपाळावर हात मारला आणि पिशवीसकट उतरल्या. "सोनाळ्याले उद्या जाईन. चला!"

सायकल तिथंच ठेवून तिघं ऑटोनं स्टेशनवर आली, फलाटावर पोचली, तेव्हा गाडी शिरतच होती. मामांनी या वेळी पासपोर्ट उघडला, फोटो पाहिला, नाव मोठ्यानं वाचलं, मगच बहिणीच्या हातात दिला.

"पोरांनो, तुम्ही होता म्हणून ताई चालली," ते म्हणाले. "तुमचं ऐकलं नाही, चुकलंच माहं."

मावशींनी अश्विनीसकट तिन्ही पोरांना पोटाशी धरलं. "तुमाले जन्मतानीच म्हटलं होतं मी, पोरं हुशार निघतील!"

कोकिळाकाकू मात्र दूरच उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. मावशी दारात चढल्या, तरी काकूंना पुढे येववेना. गाडी हलली, तशा त्या एकदम धावल्या.

"संजीवनी! तिथं पोचली का तुह्या येशूले सांगजो, कोकिळेनं मुद्दाम नाही केलं!"

मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या खळखळून हसत होत्या.

"पहिले तेच सांगीन, कोकिळा!"